तपासणी

छत्तीस वर्षं मी नोटा पाहिल्या,
त्यातली एकही माझी नव्हती.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, ट्यूबलाइटखाली, शीटमागून शीट.
शाई फुटलीय का, आकडा सरकलाय का,
एवढंच बघायचं, लाल पेन्सिलीनं खूण करायची.
खैरनारच्या नजरेतून, म्हणायचे,
मुंगीचा पाय सुटायचा नाही.

गाठ नाकामागे होती, घशाच्या वरच्या अंगाला.
म्हणजे डोळ्यांच्या मागेच, म्हटलं तर.
तिथलं मला दिसलं नाही.

तेहेतीस शेक. शालन शेकच म्हणते,
बाळंतिणीला देतात तसा.
पहिल्या दिवशी इरफाननं गरम पाण्यातून काढलेली जाळी
तोंडावर दाबली, म्हणाला, काका, हलू नका,
आणि माझा चेहरा प्लास्टिकात छापून निघाला.
मग रोज तोच चढवायचा,
टेबलाला क्लिपा, खट् खट् खट् खट्,
आणि सगळे खोलीबाहेर.
यंत्र फिरायचं. मी शंभरावरून उलटे मोजायचो,
सात-सात वजा करत.
तेव्हा यायचं.

गाठ गेली. बेडसे मॅडमनी पेढा घेतला,
मला काही तो गोड लागला नाही.
थुंकी आटलेली. द्राक्षं भिजल्या कागदासारखी,
आणि भिजल्या कागदाची चव मी जाणतो,
बोट ओलं करून शीट उलटण्यात हयात गेली.
चतकोर भाकरीला पाऊण तास.
हे त्यांनी आधी सांगितलं होतं.
तिसऱ्या वर्षी जे आलं
तेही सांगितलं असेल. फॉर्मवर सही माझीच आहे.

आधी वास. काही जळत नसताना
रबर जळल्याचा, अर्धा मिनिट.
मग शालन म्हणायची, तुम्ही माझ्याकडे बघत होता,
ओठ चघळत होता, आणि इथे नव्हता.
मग शब्द. ते, ज्यानं चहा गाळतात, ते.
मग एक दिवस बिटको चौकात
दोन्ही हातांत मेथीच्या जुड्या घेऊन उभा.
जेलरोड कुठल्या हाताला?
याच चौकातून भोंग्याच्या आत पोचायला सायकल दामटायचो.
एका रिक्षावाल्यानं नाव विचारलं. सांगितलं.
पत्ता विचारला. मी त्याला नोटेचा नंबर सांगितला,
मी बाद केलेल्या पहिल्या नोटेचा, सन एक्क्याऐंशी,
अक्षरांसकट, बिनचूक.

मॅडमनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली.
त्या बोलायच्या आत मला दिसलं.
राखाडी छपाईत उजवीकडे,
म्हणजे माझ्या डाव्या कानाच्या आत,
पांढरा डाग, कडा फुटलेल्या.
मी बोट ठेवलं. हे.
मॅडम थांबल्या. हो, म्हणाल्या, हेच.
गाठ नाही ही. किरण जिथून गेले
तिथला मेंदू कधी कधी उशिरा करपतो.
मला बरं वाटलं, खरं सांगतो.
नजर अजून शाबूत होती.

आता सकाळी स्टेरॉइड, दोन वेळा झटक्यांची गोळी.
फ्रिजवर शालनची पाटी: आज वार, आज तारीख.
मुलाचं नाव तिनं लिहिलं नाही, ते मला येतं.
परवा नाही आलं.
हे तिला सांगितलेलं नाही.

जाळी माळ्यावर पडून होती. शालननं ती
कारल्याच्या रोपावर उपडी घातली, चिमण्या खुडतात म्हणून.
चहा घेताना समोर माझा जुना चेहरा,
गाल भरलेले,
नाकाच्या जागेतून एक तणाव वर निघालेला.

शेवटच्या काही वर्षांत प्रेसमध्ये
बाद नोटेच्या जागी वेगळी घालायचे,
आकड्यात तारा असलेली.
मेहुणा एकदा घेऊन आला होता, ही खोटी का म्हणून.
नाही रे. चालते.
तेवढ्याच किमतीला चालते.

शालन विचारते, चहात साखर घातली का हो मी?
मी घोट घेतो. थांबतो.
आणखी एक घेतो.