मागून, पुढून

माझं मागून उघडलं,
कायतानाचं पुढून.
एकच वॉर्ड, शेजारच्या खाटा,
मध्ये निळा पडदा,
जो कधी पुरता लागलाच नाही.

त्याचे डॉक्टर वेगळे, माझे वेगळे.
प्रत्येकाला आपलंच दार प्रिय.
आत शिरल्यावर मात्र खोली तीच,
तोच झिजलेला गोळा,
तीच खोबण.

सांधा अख्खा काढत नाही, म्हणाले,
हाड घासून त्यावर धातूची टोपी बसवतो.
मी म्हटलं, हेल्मेट म्हणा.
तेवीस वर्षं फोंड्याच्या स्टँडवर पायलट आहे मी,
पुढचा मडगार्ड पिवळा, बाकी गाडी काळी.
हेल्मेट मला समजतं.

मला मनाई:
वाकायचं नाही,
पायावर पाय टाकायचा नाही,
पाऊल आत वळवायचं नाही.
कायतानाला मनाई:
पाय मागे टाकायचा नाही,
पाऊल बाहेर वळवायचं नाही.

म्हणजे मी नमस्कार करायचा नाही
आणि त्याने माघार घ्यायची नाही.

कायतान छताकडे बघत म्हणाला,
उलटं द्यायला हवं होतं रे.
तू तसाही कुणापुढे वाकत नाहीस,
आणि मी भट्टीच्या वाटणीत
भावापुढे मागे मागे सरकत
थेट गल्लीत आलो.

तो पाचव्या दिवशी एका काठीवर.
मी पंधरवडाभर दोन कुबड्यांवर.
मला थोडा हेवा वाटला, खोटं का बोला.
मग त्याने मांडीवर बोट ठेवून दाखवलं,
इथून इथपर्यंत बधिर,
चिमटा काढला तर वाटतं
दुसऱ्याच कुणाला काढला.

बोरीला घरी आलो.
कुंदाने खाटेखाली चार चिरे लावून घेतले.
गुडघ्यांमध्ये उशी, खुर्चीवर दोन उश्या,
पोटात इंजेक्शन, रोज संध्याकाळी सात वाजता,
दिवा लावून झाला की लगेच.
पाट भिंतीला टेकवून ठेवलेला, शिक्षा केल्यासारखा.
माझे मोजे ती चढवायची.
एकदा नखं कापता कापता म्हणाली,
सहावं बोट असतं
तर मला आज कळलं असतं.
मी हसलो, मग टाके दुखले,
मग उगाच डोळे भरले.

सातव्या आठवड्यात किल्ली पडली.
गाडीची. खिळ्यावरून, दुपारी.
कुंदा बागायतीत.
मी उभा, किल्ली जमिनीवर,
मध्ये जेमतेम अडीच हात
आणि डॉक्टरांचा एक शब्द.
कुबडीने ढकलून पाहिली,
ती कपाटाखाली गेली.
मांजर आलं, वास घेतला, गेलं.
हाक मारली नाही कुणाला.
चार वाजेपर्यंत
आम्ही तिघं घरात होतो,
मी, किल्ली
आणि आतलं ते हेल्मेट,
जे उठताना कधी कधी टक् वाजतं.

कुंदाने ती काढून परत खिळ्याला लावली.
दहाव्या आठवड्यात कायतान आला,
पूल ओलांडून लोटलीहून,
पुतण्याच्या स्कूटरवर एका बाजूला बसून.
पिशवीत गरम पोई.
मी त्याला चालून दाखवलं,
त्याने मला वाकून दाखवलं.
अंगणात माझी गाडी
गोणपाटाखाली.
कुंदा रोज किक मारून जागी ठेवते,
बॅटरी मरू नये म्हणून.

मी म्हटलं, नुसता बसून बघतो.
पाय टाकायचा, बस्स,
स्टँडवरच.
आणि खिळ्यावरची किल्ली काढताना
हातातून परत सुटली.

या वेळी कायतान वाकला.
सावकाश, गुडघा धरून,
भट्टीतून शेवटचा पाव काढावा तसा.
उठताना मी हात दिला,
कारण एक पाऊल मागे टाकायची सोय त्याला नव्हती.
किल्ली त्याने पुसली,
आणि स्वतःच्या खिशात घातली.

कुंदा काहीच बोलली नाही,
म्हणजे तिनेच फोन केला असणार.

आता किल्ली नदीपलीकडे,
त्याच्या नव्या भट्टीजवळच्या खिळ्याला.
अजून दोन आठवडे.
सकाळी सायकलचा पों पों ऐकू आला
की उगाच वाटतं, तोच.
पण तो त्याचा पुतण्या असतो.
कायतानालासुद्धा अजून
सायकलवर पाय टाकायची परवानगी नाही.