चौसष्ट पानं

आप्पा खिळे जुळवायचे,
उदगीरला, चौबाऱ्याजवळच्या छापखान्यात.
लग्नपत्रिका, कुस्त्यांची पत्रकं, सोसायटीच्या पावत्या,
आणि आयुष्यात एकदाच, कादंबरी.

बारूळकर गुरुजींनी ती लिहिलेली
पोरांच्या जुन्या वह्यांत, मागच्या कोऱ्या पानांवर.
नायिका शिमला.
आप्पांना वाटलं, नाव गुरुजींनीच घडवलं.
रोज ते बोटांनी उचलायचे, काठीत उलटं लावायचे,
संध्याकाळी रॉकेलनं पुसून घरी यायचे.
त्याच महिन्यात मी झाले.

त्या नावाचं शहर असतं, हे सहावीत कळलं.
भूगोलाच्या बाईंची छडी नकाशावर वर वर गेली,
अख्खा वर्ग माझ्याकडं वळला.
"थंड हवेचं ठिकाण," बाई म्हणाल्या.
डोक्यावरचा पत्रा कडकड वाजत होता उन्हानं.
त्यानंतर, मिरची म्हणून कुणी कुणी हाक मारली
ते मी इथं लिहीत नाही.
बाजारात अजून मी ढोबळीच म्हणते.

परवा नणंद फिरून आली तिकडनं.
चावीची साखळी दिली, माझ्या नावाची, इंग्रजीत.
"वहिनी, जिकडं बघावं तिकडं तूच!
गाड्यांवर तू, शालींवर तू, संडासाच्या पाटीवरबी तू."
कसं आहे म्हटलं गाव?
"पायऱ्याच पायऱ्या," ती म्हणाली, पाय चोळत.

मी नाही गेले कधी. पैशाचं कारण नाही.
माझं नातं दुसरीशी.
ती सायकल खोलून पुन्हा जोडू शकते.
मामाला तोंडावर बोलते, पान एकोणतीस.
पेरू नेहमी मीठ लावून खाते, आणि बिया मोजते,
का मोजते ते गुरुजींनी सांगितलेलं नाही.

चार फर्मे झाले आणि कागदाचे पैसे संपले.
मग गुरुजींची बदली, किनवटला.
उरलेल्या वह्या कुणाच्या पुड्यांना गेल्या, माहीत नाही.
खिळे शिशाच्या भावानं गेले.
राहिली चौसष्ट पानं, बांधणी नसलेली,
शेवटची ओळ अशी:
परळी स्टेशनावर शिमलानं हमालाला नको म्हटलं आणि

लातूरच्या दवाखान्यात आप्पांना दिसेनासं झालं होतं.
एका रात्री सलाईनचा हात जरा उचलून म्हणाले,
"शिमला, फुडं काय झालं गं?"
मला विचारलं, की माझ्याबद्दल, की तिच्या, काय की.
मी म्हटलं, बाहेर आली. टांगा नव्हता.
"मग?"
मग चालत निघाली.
"आन् ट्रंक?"
डोक्यावर घेतली.

बराच वेळ काही बोलले नाहीत.
मला वाटलं, झोपले.
"जड आसंल," म्हणाले.