योग्यता : वर्ग तीन

आधी कूलर बंद करावा लागला.
वाळ्याचा वास सुटतो, तितरमारे म्हणाले,
त्यात बाटलीतलं काही कळायचं नाही.
मे महिना, दुपार कललेली,
भिंती अजून तव्यासारख्या,
आणि आम्ही दोघं निवृत्त माणसं
गोपालनगरच्या दुसऱ्या मजल्यावर
मान पुसत बसलेलो, वाईन हुंगायला.

बाटली समृद्धीवरून आली होती,
त्यांच्या मुलाच्या डिक्कीत,
ओल्या टॉवेलात गुंडाळून, स्टेपनीशेजारी.
"फ्रिजात तं ठेवा बाबा, उकळली असंन,"
सून म्हणाली, आणि सरबताचे पेले दिले,
फुलाफुलांचे. दुसरे नव्हते.

मागच्या लेबलावर लिहिलं होतं काय काय लागेल ते.
तंबाखू. चामडं. ब्लॅककरंट.
ब्लॅककरंट मी पाहिलेलं नाही,
तितरमाऱ्यांनी आइस्क्रीममध्ये खाल्लंय.
सर्वांत खाली बारीक अक्षरांत
तालुका दिंडोरी.

"सांगा ना बाई, काय लागून राहिलं जिभेले?"

जांभळाची बी चावली गेली की
हिरड्या आखडतात, तसं काहीसं.
मग जरा आंबट. मग बराच वेळ काहीच नाही.
मग गिळून झाल्यावर, उशिरा,
चुन्याची एक कड.

ही कड मला ओळखीची होती.

शहाऐंशी साली कादवेच्या अलीकडे
मी पाच फुटांचा खड्डा खणून घेतला होता,
शिडी लावून आत उतरले होते टेप घेऊन.
दीड हात काळी, खाली तांबूस मुरूम,
मुरमात चुनखडीचे खडे, हरभऱ्याएवढे.
चिमूटभर माती जिभेवर ठेवली
(मॅन्युअलात नव्हतं हे, आम्ही सगळेच करायचो)
तर काठावरून सहादू गटकळ हसला.
"बाई, जेवून जा की घरी."
मग हसणं थांबवून विचारलं,
"हिच्यात काय येईल?"

कुळीथ, मी म्हणाले. नागली. फार तर बाजरी.
वहीत लिहिलं : उतार तीन टक्के,
खोली मध्यम, निचरा जास्त.
योग्यता : वर्ग तीन.
खाली सही.
नकाशात तो तुकडा फिकट पिवळा रंगवला गेला
आणि मी पुढच्या गावाला गेले.

निचरा जास्त.
द्राक्षाला तेच तर हवं असतं म्हणे.

तितरमारे खडकवाले, त्यांना मातीचं कौतुक नाही.
ते म्हणाले, तिकडचा दगड अन् आपल्या
सीताबर्डीच्या टेकडीचा दगड एकच, बाई.
तोच लाव्हा. इथवर पसरला अन् इथं संपला.
भंडाऱ्याकडे गेलं की दुसरी जमीन लागते, लई जुनी.
त्यांनी पेला उजेडात धरला.
म्हणजे आपण काठावर बसून पिऊन राहिलो.

सहादूची ती जमीन हीच कशावरून?
नसेल. तालुका केवढा मोठा.
त्याच्या मुलांनी विकली असेल,
किंवा तिथे आता नुसतं गोदाम असेल.
मला विचारायला कुणी नाही
आणि त्यालाही, मी चुकले होते हे सांगायला.

दुसरा पेला मी घेतला. एरवी घेत नाही.

सुनेनं न विचारता कूलर लावला,
वाळा आला, वाईन गेली.
पेल्याच्या बुडाशी थोडा गाळ उरला होता, जांभळा-काळा.
अंगठ्यात आणि तर्जनीत धरून मी तो चोळला,
जसा चौतीस वर्षं चोळत आले.
वळी होत नव्हती.
बारीक. किंचित चिकट.

वही जवळ नव्हती.
बोट पदराला पुसलं,
तो डाग अजून आहे.