दोनशे अठरा किलो

चोरलच्या अलीकडे डांबर संपतं
आणि गाडी एकदम जड होते.
हायवेवर हिचं वजन कुठे जातं कुणास ठाऊक,
शंभरच्या पुढे तर मांड्यांमध्ये नुसती हवा असते.
इथे, सागाच्या वाळक्या पानांवर,
एकेक किलो आपलं नाव सांगून खाली उतरतो.

पहिला गियर. क्लचवर दोन बोटं.
पायदानांवर उभा, गुडघे सैल,
रामबागेतल्या जिन्यातून आम्ही चौघांनी
गोदरेजचं कपाट उतरवलं होतं
"तुमच्या बाजूनं, तुमच्या बाजूनं" करत,
कठड्यावर त्याचा ओरखडा अजून आहे,
तसंच.
फक्त चौघे नाहीत.

अद्वय कधीच पुढे गेलाय.
त्याची हलकी गाडी वरच्या वळणावर
शिलाई मशीनसारखी टीप घालत चाललेली ऐकू येते.

महूचे सुभेदार खानविलकर शिकवायचे:
दगडाकडे बघितलं की दगडच लागतो.
पुढच्या वळणाकडे बघायचं, अख्खी मान वळवून,
चाक येतं मग मागून, दावं धरल्यासारखं.
मी वळणाकडे बघतो.
वळण फार अरुंद आहे.
मी दगडाकडे बघतो.

पडणं तसं मोठं नसतं.
इंजिन गप्प होतं, क्षणभर तोल राहतो,
मग कळतं, पाय टेकायचा तिथली जमीन
वीतभर खाली आहे.
म्हैस बसावी तशी ती बसते, सावकाश, कायमची.
पेट्रोलचा वास. पंखा फिरतोच आहे.
कुठेतरी मोर ओरडतो, माझ्यावर नाही.

नाल्यातून एक बाई वर येते, डोक्यावर मोळी,
मागे एक शेळी.
मोळी न उतरवता विचारते,
"इत्ती बडी कायको लायो?"

उत्तरं होती माझ्याकडे.
शोरूममध्ये तीन दिली होती,
घरी सात, हप्त्यांसकट.
इथल्या चढाला त्यातलं एकही लागू पडेना.

पाठ सीटला, एक हात हँडलला,
दुसरा कॅरिअरच्या दांडीला,
आणि उलटं चालायचं, टाचांनी डोंगर ढकलत.
एकदा नाही. दुसऱ्यांदा घसरलो.
तिसऱ्यांदा ती उठली,
आणि उठताक्षणी उताराला निघाली मागे,
मला घेऊन.

तेव्हा बाईनं पायानंच एक दगड सरकवला
मागच्या चाकाखाली,
चढावर बैलगाडीला लावतात तसा.
मोळी हललीसुद्धा नाही.
मी धन्यवाद म्हणेपर्यंत शेळी पुढे गेली होती
आणि शेळीमागे ती.

वर अद्वय हेल्मेट काढून बसलेला.
"काका, एवढा वेळ?"
"गप्पा मारत होतो," म्हटलं.

रात्री डाव्या हाताच्या बोटांना
चहाचा कप धरवत नव्हता.
तो दगड तिथेच असेल अजून, वळणाच्या आतल्या बाजूला.
पुढच्या रविवारी मान वळवून
पुढे बघायचंय, माहीत आहे,
आणि मी त्याच्याकडेच बघणार.