चौदा नंबर

अवसरेबाईंच्या दवाखान्यात
तेरानंतर पंधरा येतो.
नव्या माणसाला वाटतं, बाबल पेंगला.
बाबल पेंगत नाही.
पत्र्याचे गोल बिल्ले, वर निळ्या रंगाने आकडे,
त्यात चौदाचा नाही, एवढंच.

गणपती नुकतेच गेले होते.
अख्ख्या देवगडची पोटं बिघडलेली.
बाकावर, पायरीवर, टेम्पोच्या सावलीत
माणसं पोट धरून बसलेली.
लाइट नाही. बाई घामाने निथळत होत्या.
आत्माराम म्हणाला, घशाशी येतंय, जळजळतंय.
बाईंनी पोट दाबलं, जीभ बघितली,
गुलाबी औषध दिलं. दोन चमचे. उद्या या.
तो उठला,
दाराच्या चौकटीशी जरा थांबला,
डावा खांदा चोळला.
तेवढ्यात बाबलने पंधरा पुकारला
आणि तो बाजूला झाला.

पहाटे साडेतीनला ट्रॉलर सुटतात.
त्याचाही सुटायचा होता.

बाराव्याच्या आदल्या दिवशी बाई आल्या. चालत.
खुर्ची दिली तरी खळ्यात उभ्याच.
बॅग आणली नव्हती,
हात कुठे ठेवावेत ते त्यांना सुचेना.
"माझं चुकलं," म्हणाल्या.
"खांदा चोळताना मी बघितलं होतं. विचारलं नाही.
बाहेर चाळीस माणसं होती.
हे कारण म्हणून नाही सांगत. होती, म्हणून सांगते."
सासूने भिंतीकडे तोंड केलं.
त्या गेल्यावर म्हणाली,
"हिका परत माज्या खळ्यात हाडू नको."

सासू आता कणकवलीला जाते.
एसटीचा दीड तास, काचेचं दार, थंडगार खोली.
त्याच गोळ्या घेऊन येते.
तिला मी काही म्हणत नाही.

मीही दोन वर्षं गेले नाही.
मग एका रात्री पोरीचा ताप एकशे चार,
आणि आपला राग थर्मामीटरपुढे
किती वेळ धरून ठेवणार?

मी बर्फाच्या फॅक्टरीत हिशोब लिहिते.
लादी किती किलोची, ते सांगू शकते.
जेटीपर्यंत किती वितळली, तेही अंदाजाने.
डॉक्टर किती चांगला, हे कशात मोजतात
ते मला ठाऊक नाही.

एवढं बघितलंय:
कोपऱ्यात आता कार्डिओग्रामचं मशीन आहे,
हप्त्यावर घेतलेलं, वर जुन्या साडीचा तुकडा.
जळजळ म्हणणाऱ्या प्रत्येकाला वायरी लागतात.
खलाशी हसतात,
ढेकर दिला तरी बाई पट्टी काढतात म्हणे.
आणि माणूस उठला की
बाई पेन खाली ठेवतात.
विचारतात, "आणखी काही?"
आणि गप्प बसतात.

त्या गप्प बसण्यात काय काय निघतं!
गुडघ्यासाठी आलेला जोगल सांगतो,
मुलगा जहाजावर गेल्यापासून झोप नाही.
बागवाल्याची बायको, आली खोकल्याला,
पदराखालची गाठ दाखवते,
आठ महिने नवऱ्यापासून लपवलेली.
बाहेर रांग वाढते, शिव्या वाढतात,
दवाखाना रात्री दहाला बंद होतो.
बाईंचे केस तीन वर्षांत पांढरे झाले,
हेही त्याच हिशोबात धरायचं का?

काल माझं प्रेशर बघितलं.
एकशे चाळीस, नव्वद. मीठ कमी.
सुका बांगडा बंद.
आमच्या घरात, सुका बांगडा!
मला हसू आलं. त्यांनाही.
मी उठले.

पर्समध्ये, सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात,
कडेला गंजलेला एक बिल्ला आहे.
त्याच्या शर्टाच्या खिशात सापडलेला.
दर वेळी आणते,
दर वेळी परत नेते.

"आणखी काही?"

"नाही," म्हणाले मी.

पंखा फिरत होता. बाहेर बाबलने
पुढचा नंबर अजून पुकारला नव्हता.
बाईंनी पेन उचललं नाही.