बुधवार म्हणजे वाढोणा

सोमवार म्हणजे पिंपळखुटा.
मंगळवार येरंडगाव, जिथं मिरच्यांच्या ढिगाशी
लीलाधरला शिंका येतात आणि तो त्या मोजतो.
बुधवार म्हणजे वाढोणा.
वार त्याला असेच पाठ झाले, गावांच्या नावानं.
कॅलेंडर दाखवलं तर विचारतो,
"याच्यात बाजार कुठी आहे?"

आमची मेटाडोर. मागं एक फळी,
फळीखाली शेगडी आणि पिठाचा डबा,
फळीवर रात्री आम्ही चौघं,
पेटीतल्या वजनांसारखे, मोठ्यापासून लहानापर्यंत.
हे तराजू दुरुस्त करतात, दांडीचे, स्प्रिंगचे,
आताशा बॅटरीचेही.

शाळेत तो एकोणीस दिवस होता.
विसाव्या दिवशी मोठ्या गुरुजींनी बोलावलं.
"बाई, पोट्टं हुशार आहे,
पण घंटा झाली का कान झाकून टेबलाखाली जाते.
मंग काय मी घंटाच बंद करू?"
मी म्हटलं, करून पाहा ना एक दिवस.
ते हसले.
मी गंमत करत नव्हते.

तेव्हापासून शाळा गाडीत.
किलोमीटरच्या दगडांवर वजाबाकी.
ट्रकांच्या पाठीवर वाचन.
भूगोल म्हणजे कोणत्या गावचं पाणी गोडं,
आणि कोणत्या गावच्या खाऱ्या पाण्यात
तुरीची डाळ दुपारपर्यंत शिजत नाही.
इतिहास मला फार येत नाही,
त्याच्या आजोबांच्या बाभळीच्या दांडीपर्यंत जातो, मग संपतो.
धाकटी रेवा, तिला कोणी काही शिकवलं नाही,
त्याच्या पाठीमागून सगळं शिकून बसली.

एकदा भर बाजारात ओरडला, "चाळीस ग्रॅम कमी!"
कांदेवाला म्हणाला, "भाऊ, पोराले आवरा."
यांनी पोराला आवरलं नाही.
काटा उचलला, नीट केला, पैसे घेतले नाहीत.
त्यानंतर नळाजवळची जागा आम्हाला
कधी मिळाली नाही.

आम्ही महानुभाव. दिवेलागणीला नाव घ्यायचं.
पण माळ त्याच्या बोटांना टोचते,
दंडवत घाल म्हटलं की अंग लाकडासारखं.
वन्सं म्हणाल्या, "देवाले न वाकणाऱ्या पोराचं कसं व्हाव माय?"
मी उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतंच.
एका संध्याकाळी मग काटाच मधे ठेवला.
म्हटलं, नाव घे, आणि ठेव पारड्यात.
त्यानं नाव घेतलं, ओंजळ पारड्यात रिती केली,
काट्याला नाक लावून पाहिलं.
"हालला नाही."
मग?
"मंग बरोबर आहे."
आणि मी बाई इतकी वर्षं
काहीतरी हलायची वाट पाहत होते.

गेल्या बुधवारी मतदान होतं, बाजार बंद.
वाढोण्याचं मैदान रिकामं,
लसणाची टरफलं आणि दोन गाई.
"बुधवार कुठी गेला?"
त्यानं गाडीच्या पत्र्यावर डोकं आपटायला घेतलं,
मी मधे तळहात धरला,
तळहात अजून काळानिळा आहे.
हे काही बोलले नाहीत. खाली उतरले,
आमच्या नेहमीच्या जागी ताडपत्री अंथरली,
काटा टांगला.
रेवा गिऱ्हाईक झाली : "एक किलो गोटे द्या, चांगले पाहून."
हळूहळू तो उतरला. मोजू लागला.

बूथवरचा एक शिपाई आला, कंटाळलेला,
शिट्टी पुढं करून म्हणाला, "ह्याचं किती भरते?"
लीलाधरनं मान वर केली नाही.
"लाइनीत या."
शिपाई उभा राहिला, रेवाच्या मागं, उन्हात.
थोड्या वेळानं त्याच्या मागं एक शेळी.

गुरुवार म्हणजे धानोरी.
अठ्ठावीस किलोमीटर.
मधले दोन दगड कुणी उपटून नेलेत,
ते आले की तो आकडा स्वतःच म्हणतो,
मोठ्यानं, खिडकीबाहेर.