कुणाचा पाय

माझ्या सायकलला गिअर नाही.
आहे तो एकच, माझ्या डाव्या गुडघ्यात,
आणि तोही चवथीपासून कुरकुरतोय.

मळ्यातून आल्तिनोवर जायला तीन वाटा.
एक पायऱ्यांची. किती आहेत ते मोजायचं सोडलं,
सायकल खांद्यावर घेतली की आकडे सांडतात.
दुसरी देवळाखालच्या वळणाची,
तिथला तपकिरी कुत्रा
फक्त वीजखात्याच्या पिशवीवर भुंकतो.
तिसरा हा रस्ता:
खोदलेला, बुजवलेला, पुन्हा खोदलेला.
पाइप एक, खाती तीन.

मी मीटर वाचते.
माणसं मला युनिटांनी आठवतात.
फुर्ताद म्हातारा, महिन्याला बावीस:
एक दिवा, एक पंखा, आणि बहुतेक रेडिओ.
वरचा बंगला अकराशे, फाटकावर कॅमेरा,
मी घाम पुसते तेवढंच तो नेमकं टिपतो.
प्रियोळकरांची सून मीटरपुढची कुंडी हलवत नाही.
दर महिन्याला मी अबोलीत हात घालते,
दर महिन्याला ती आतून ओरडते,
"आगो, थंय सोरोप आसा!"
सहा वर्षं झाली. सापालाही माझी सवय झाली असेल.

चढावर सगळं सावकाश दिसतं.
जांभ्याच्या भिंतीतून पाझरणारं पाणी,
त्यात कुणी खोचून ठेवलेली बांबूची पन्हळ,
खाली निळी बादली, कधीच भरलेली नसते.
शिंप्याच्या दारात हात नसलेला कोट.
शाळेतून पळालेली दोन पोरं, मला बघून
उगाच शहाण्यासारखी चालू लागतात.
मी सायकल ढकलते की सायकल मला,
हे तिसऱ्या वळणानंतर सांगता येत नाही.

मंगळवारी, अकराच्या उन्हात,
मागून मोटरसायकल आली. पिवळी-काळी.
पायलट. भाडं नव्हतं मागे.
"बस गो वयर. हँडल घट धर, पेडल मारूं नाका."
आणि माझ्या कॅरिअरवर पाय ठेवला.

आधी राग आला.
परक्या माणसाचा पाय, तोही चपलेसकट.
काय बोलावं ते जुळेपर्यंत
शिंप्याचं दुकान मागे गेलं,
बादली गेली, अबोली गेली,
आणि या रस्त्यावर जन्मात पहिल्यांदा
चढताना मला वारा लागला.
कानात. बगलेत. पिशवीतल्या कागदांना.
मी हसत होते की ओरडत, ठाऊक नाही.

रेडिओ केंद्रापाशी पाय उचलला गेला.
हेल्मेट वळलं, खाली निघून गेलं.
मी, जिचं पोट आकडे वाचून भरतं,
नंबरप्लेट वाचायची विसरले.

संध्याकाळी फेरीधक्क्यावरच्या स्टँडवर विचारलं.
मिनीन म्हणाला, "हांव न्हय."
जुझे म्हणाला, "हांव न्हय."
रोहिदास विडी विझवत म्हणाला,
"फुकट धुकलपी पायलट पणजेंत अजून जल्मूंक ना."
मग मी सगळ्यांच्या चपलांकडे बघितलं.
सगळ्या सारख्याच, रबरी, टाच झिजलेल्या.
आता त्यातला कुणीही रस्त्यात दिसला
की मी मान डोलवते. चुकून बरोबर होईल कधीतरी.

वहीत त्या दिवशी एक घर कोरं राहिलं.
वाऱ्यात निसटलेलं.
दुसऱ्या दिवशी परत चढले, पायी,
सायकल खाली गॅरेजात, कॅरिअर वाकलेला.

फुर्ताद बाल्कांवात बसला होता.
शेजारी पाण्याचा गिंडी-तांब्या, झाकलेला,
झाकणावर धूळ नव्हती.
"काल तुका पळयली," म्हणाला,
"हात दाखयलो हांवें. पूण तुका खंय वेळ!"

मी पाणी प्याले. मीटर वाचलं.
महिन्याला बावीसच.
वहीत लिहिलं, तारीख कालची घातली,
मग खोडून आजची.